महापालिकेच्या वकिलाशेजारी बसून नेमकं बघायचं काय?

पत्र: ताई, मी पाच वर्षांच्या लॉच्या कोर्सला तिसऱ्या वर्षाला आहे. एका महापालिकेच्या विधी विभागात चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीये. तिथल्या एका विधी अधिकारी मॅडमबरोबर दिवसभर राहायचं, एवढंच काम. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत पण पहिल्या दिवशी म्हणाल्या "सध्या नुसतं बघ" आणि तेव्हापासून मी नुसती बघतेय. दुसरा आठवडा संपत आला तरी काय बघतेय ते कळत नाहीये. कोर्टात क्वचित जातो आणि तिथेही बोलतात ते पॅनेलवरचे (महापालिकेने नेमलेले बाहेरचे) वकील, मॅडम मागे फाईल धरून उभ्या. मैत्रिणी लॉ फर्ममध्ये आहेत, रोज ड्राफ्टिंग करतात. दुसरं म्हणजे एक फाईल वाचली, एका घरामागे वाढवलेली खोली पाडायचीये, आत म्हातारं जोडपं राहतं. मला वाटायला लागलंय की मी चुकीच्या बाजूला बसलेय. त्यात त्याच फाईलमध्ये नोटिशीचे दिवस सहीच्या तारखेपासून मोजलेत असं मला दिसतंय, बजावणी तर नंतर झालीये. मी साधी इंटर्न, बोलू का गप्प बसू? आणि चुलतभाऊ वेगळाच मागे लागलाय, आमच्या सोसायटीची फाईल कुठे अडकलीये तेवढं बघून सांग म्हणतो. काय करू?

उत्तर: तारखांचं आधी सांगते, बाकीचं पत्र उद्या वाचलंस तरी चालेल, हे नाही. बोल. आजच बोल, आणि मॅडमशीच बोल, त्या एकट्या असताना. अतिक्रमण विभागातले साहेब समोर बसलेत, पॅनेलचे वकील आलेत आणि तू मध्येच "यात दिवस चुकलेत" म्हणालीस तर मुद्दा बरोबर असूनही तो बाजूला पडेल आणि सगळ्यांच्या लक्षात राहील ते तुझं मध्ये बोलणं. आणि निकाल देऊ नकोस, प्रश्न विचार. "मॅडम, या पानावर सहीची तारीख ही आहे, पोहोच या पानावर आहे तिची तारीख ही, आणि मुदत पहिल्या तारखेपासून धरल्यासारखी दिसतेय, मी नीट वाचतेय ना?" बास, एवढंच, आणि पानं खुणा लावून समोर ठेवायची. (खूण म्हणजे चिठ्ठी, फाईलवर पेन अजिबात चालवायचं नाही, पेन्सिलसुद्धा नाही.)

का एवढी घाई, तर सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांचा, लोक ज्याला बुलडोझरचा निकाल म्हणतात तो. त्यात पाडकामाआधीची कारणे दाखवा नोटीस कशी द्यायची ते टप्प्याटप्प्याने सांगितलंय. स्थानिक कायद्यात दिलेली मुदत किंवा १५ दिवस, यातलं जे नंतर संपेल ते धरायचं, आणि ते १५ दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजायचे. सही झाली तेव्हापासून नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवायची शिवाय बांधकामावर चिकटवायची, आणि मागच्या तारखेने नोटीस बनवली असा आरोप नको म्हणून बजावणी झाल्या झाल्या जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचं. पुढे म्हणणं ऐकून घ्यायचं, कारणांसकट अंतिम आदेश काढायचा आणि तो हातात पडल्यावर परत १५ दिवस थांबायचं. हे मोडलं तर अवमानाची कारवाई, आणि नुकसानीचे पैसे संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून. म्हणजे तू जे बघितलंयस ते खरं असेल तर ती बारीकसारीक चूक नाहीये, मॅडमच्या आणि त्या सही करणाऱ्या साहेबांच्या दृष्टीने तर अजिबातच नाही. वेळेत कळलं तर नवीन नोटीस काढता येते. पाडून झाल्यावर कळलं तर काहीच काढता येत नाही.

पण प्रश्न विचार असं मी म्हणतेय त्याला कारण आहे. तू फाईलचा एक तुकडा बघितलायस. कदाचित आधीची एक नोटीस दुसऱ्या भागात असेल, कदाचित पाडायचा आदेश कोर्टाचाच असेल, कदाचित ती खोली पुढे रस्त्यावर किंवा नाल्याच्या काठावर आलेली असेल. सार्वजनिक रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा पाणवठ्याची जागा इथली अनधिकृत बांधकामं आणि जिथे कोर्टानेच पाडायला सांगितलंय ती प्रकरणं या निर्देशांतून वगळलीयेत. हे सगळं मॅडमना माहीत असणार, तुला नाही. आणि नसेलच माहीत तर तुझ्या प्रश्नाने कळेल.

समजा मॅडम "हं, बघते" म्हणाल्या आणि पुढे काहीच हललं नाही तर? एकदा परत आठवण कर, पाडकामाची तारीख जवळ असेल तर स्पष्टपणे तारखेचा उल्लेख करून. त्यानंतरही काही नाही झालं तर कॉलेजातल्या तुझ्या गाइडशी बोल, नाव-गाव-फाईल नंबर न सांगता, "असं दिसलं तर इंटर्नने काय करायचं" एवढ्याच शब्दांत. त्या जोडप्याला फोन करायचा नाही. मला माहितीये हे वाचताना तुला राग येईल, मलाही लिहिताना फार बरं वाटत नाहीये, पण ज्यांच्या टेबलावर बसून तू फाईल वाचलीस त्यांचा कागद विरुद्ध बाजूला नेऊन देणं हा वेगळाच रस्ता आहे आणि तो इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात भावनेच्या भरात धरायचा नसतो. अशिलाची विश्वासाने आलेली माहिती बाहेर सांगायची नाही हे बंधन आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे (आधी जुन्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२६ आणि १२७ होतं) आणि ते वकिलाबरोबर त्याचे कारकून, दुभाषे, कर्मचारी यांनाही लागू आहे. त्यात "इंटर्न" हा शब्द शोधत बसू नकोस, तू त्यातच आहेस असं धरून वाग.

आता "नुसतं बघ" बद्दल. मॅडमनी तुला टाळलं असं मला वाटत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगायचं राहिलं त्यांच्याकडून. तू कोर्टाकडे बघतेयस, तिथे काही घडत नाही म्हणून कंटाळतेयस. महापालिकेचं मॅटर कोर्टात जिंकलं किंवा हरलं जातं ते फार थोड्या वेळा, बहुतेक वेळा ते त्याच्या कितीतरी आधी ऑफिसातल्या फाईलवर ठरून गेलेलं असतं. पॅनेलचे वकील कोर्टात बोलतात कारण व्यवस्थाच तशी आहे, पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे (नियम ४९), म्हणून विधी विभागातली माणसं बहुतेक ठिकाणी आतून मॅटर सांभाळतात आणि उभं राहायला पॅनेल असतं. पण त्या उभं राहणाऱ्या वकिलाला काय माहिती असतं? मॅडमनी जेवढं दिलं तेवढंच. जज साहेबांनी विचारलं की पंचनामा कधी झाला, आणि वकील मागे वळून मॅडमकडे बघतात, तो क्षण बघ. मॅडम पान उघडून देतात की शोधत बसतात. त्याच्यामागे किती दिवसांचं काम आहे ते तुला आता ऑफिसात बसून बघायला मिळतंय, तुझ्या फर्ममधल्या मैत्रिणींना नाही मिळणार हे.

त्यामुळे पहिली गोष्ट, परिच्छेदनिहाय अभिप्राय बघ, ऑफिसात सगळे पॅरावाईज रिमार्क्स म्हणतात ते. समोरच्याच्या दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला संबंधित खात्याने काय म्हणायचंय ते लिहून द्यायचं असतं आणि त्यावरून कोर्टात द्यायचा 'से', म्हणजे महापालिकेचं लेखी म्हणणं, तयार होतो. खात्याकडून येतं काय तर "परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून अमान्य आहे". आता मॅडम यावर काय करतात ते बघ. चांगला विधी अधिकारी ते तसंच पुढे ढकलत नाही, परत पाठवतो: खोटा म्हणजे काय खोटं, मोजमाप खोटं की तारीख खोटी, खरं काय, कुठल्या कागदावरून म्हणताय, तो कागद जोडा. तिथे फोनवर जी वादावादी होते ना, कनिष्ठ अभियंता वैतागतो, मॅडम ठाम राहतात, तीच तुझी शिकवणी आहे. एखादा रिमार्क आणि त्यावरून शेवटी कोर्टात गेलेला 'से' असे दोन्ही शेजारी ठेवून वाच, मधे काय काय गळलं आणि काय काय आलं ते स्वतः शोध.

दुसरं, आवक, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद. हसू नकोस. कुठला कागद कोणत्या तारखेला आत आला आणि कोणाच्या टेबलावर किती दिवस पडला यावर महापालिकेच्या कोट्यवधींच्या जमिनी जातात. एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६) कलम १२७ काढून वाच. विकास आराखड्यात एखादी जमीन बागेसाठी किंवा शाळेसाठी आरक्षित केली, १० वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, सगळे तिला परचेस नोटीस म्हणतात. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. (पूर्वी १२ महिने होते, २०१५ च्या दुरुस्तीने २४ झाले.) म्हणजे ज्या दिवशी ती नोटीस बजावली गेली त्या दिवसापासून घड्याळ चालू. आणि ती नगररचनेत गेली, तिथून भूसंपादनाला गेली, तिथून "अभिप्रायार्थ" विधीकडे आली, प्रत्येक टेबलावर महिना महिना. मॅडमना विचार की अशी नोटीस आली की विभागात तिची नोंद वेगळी ठेवतात का. याचं उत्तर "हो" असेल तर कशी ठेवतात ते बघून घे, "नाही" असेल तर त्यातूनही तुला बरंच कळेल.

कोर्टाची बाजू पण आहेच की, फक्त ती ओळखता आली पाहिजे. पाडकामाच्या आदल्या आठवड्यात मॅडम कॅव्हेट दाखल करायची घाई का करतात? कारण समोरचा माणूस दिवाणी कोर्टात जाऊन निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, देणार आणि आपल्याला न ऐकता 'जैसे थे' मिळवणार, ते टाळायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा आधीच दिलेला अर्ज, ते ९० दिवस टिकतं, म्हणजे परत तारखाच. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायची सवय लाव, निकालापेक्षा रोजनाम्यात जास्त कळतं कोण किती वेळा तारीख मागत होतं. आणि एक गोष्ट जी परीक्षेत सगळे चुकतात: महापालिकेवर दावा लावण्याआधीची नोटीस म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० नाही, ते सरकारसाठी. महापालिकेसाठी तिच्या स्वतःच्या कायद्यात वेगळं कलम आहे, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात ५२७ आणि बाकी महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात ४८७. दोन्ही कायदे उशाला घेऊन झोपायची गरज नाही, पण तुझ्या महापालिकेला लागू असलेल्याची अनुक्रमणिका तरी एकदा पूर्ण वाच, निम्मी फाईल तिथेच उलगडेल.

आणि मॅडमना मदत होईल असं काहीतरी हातात घे. एखादं जुनं, निकाली निघालेलं प्रकरण माग, टिपणीची बाजू (अधिकाऱ्यांनी फाईलवर लिहिलेले शेरे) आणि पत्रव्यवहाराची बाजू दोन्ही वाच आणि तारीखवार तक्ता बनव: तारीख, काय झालं, कोणी केलं, पान नंबर. चार कॉलम. तो बरा झाला तर मॅडम चालू मॅटरचा बनवायला देतील, कारण तो बनवायला त्यांच्याकडे कधीच वेळ नसतो आणि हायकोर्टात जाताना तो लागतोच. "मला काहीतरी काम द्या" असं म्हणण्यापेक्षा हे बरं. मैत्रिणी करतात ते ड्राफ्टिंग पण खरं यातूनच येतं बरं का, तारखा नीट लावता येत नाहीत त्याला दावा नीट लिहिता येत नाही.

आता चुकीच्या बाजूचं. ती फाईल वाचलीस तेव्हा तक्रार कोणाची होती ते बघितलंस का? रागावू नकोस, खरंच विचारतेय. कधी कधी तक्रार करणारा शेजारीही म्हाताराच असतो आणि त्या खोलीमुळे त्याच्या घरातला उजेड गेलेला असतो. कधी कधी तक्रार निव्वळ भाऊबंदकीतून आलेली असते आणि महापालिका कोणाच्या तरी भांडणात वापरली जात असते. दोन्ही होतं. फाईलच्या पहिल्या पानावर कोण आहे हे न बघता बाजू ठरवू नये एवढंच.

ओल्गा टेलिस केस तुम्हाला घटनेच्या पेपरला असणारच, १० जुलै १९८५, मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांची. सगळे त्यातलं एकच वाक्य पाठ करतात, उपजीविका हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बरोबर आहे. पण त्याच निकालात कोर्टाने मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४, नोटिशीशिवाय अतिक्रमण काढायचं, ते रद्द केलं नाही. फूटपाथ राहायला नाही असंही म्हटलं, आणि ते कलम असलं तरी सर्वसाधारणपणे माणसाला ऐकून घेऊनच काढायचं असंही म्हटलं, आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ उलटेपर्यंत काढू नका असंही म्हटलं. आता विचार कर, महापालिकेच्या विधी विभागातल्या एखाद्या माणसाने जून महिन्यात टिपणीवर लिहिलं की "पावसाळ्यात काढू नये, आधी म्हणणं ऐकावं" आणि आयुक्तांनी ते ऐकलं, तर त्या माणसांना कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. समोरच्या बाजूच्या वकिलाला हे फक्त कोर्टात जाऊन, पैसे आणि महिने घालवून मिळवता येतं.

आणि १९८० ची रतलामची केस. मध्य प्रदेशातली नगरपालिका, उघडी गटारं, घाण, लोक कंटाळून मॅजिस्ट्रेटकडे गेले, आणि नगरपालिका सुप्रीम कोर्टापर्यंत लढली की आमच्याकडे पैसे नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते ऐकलं नाही, पैसे नाहीत ही सबब कायद्याने दिलेल्या कर्तव्यातून सुटायला चालणार नाही. मला ही केस वाचताना नेहमी त्या नगरपालिकेच्या वकिलाचं कुतूहल वाटतं. अपील करावं असं कोणी सुचवलं असेल, कोणी "नको, गटार बांधा" म्हणालं असेल का.

म्हणून तुझ्या बाजूच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की उरलेल्या दिवसांत मॅडम "नाही" कधी आणि कसं लिहितात ते बघ. "सदर आदेश न्यायालयात टिकणार नाही, फेरविचार व्हावा" असा अभिप्राय त्या टिपणीवर, नावानिशी सही करून लिहितात का, की फोनवर सांगतात आणि कागदावर मोघम ठेवतात? मोघम ठेवायला लागायचीही कारणं असतात, वरून दबाव असतो, बदली असते, ते लगेच भेकडपणा समजू नकोस. विधी अधिकाऱ्याचा अशील म्हणजे महापालिका, ते समोर बसलेले साहेब नाहीत, नगरसेवक नाहीत आणि आयुक्तसुद्धा नाहीत, आणि हे सगळे रोज टेबलावर येऊन आपणच अशील असल्यासारखं बोलतात. त्यात कोण सरळ उभं राहतं ते बघायला मिळणं हे भाग्य आहे. आणि हेही सांगते, काही विधी विभागांत "नाही" लिहिलेलं पान तुला महिनाभरात एकही सापडणार नाही. खातं जे करेल त्याला पांघरूण घालायचं, हरलो की अपील, तिथे हरलो की पुढचं अपील. तसं दिसलं तर तुझी अस्वस्थता खरी आहे, ती जपून ठेव.

भावाला सरळ नाही सांग. "तेवढं बघून सांग" मध्ये तेवढंसं काही नसतं, आज कुठे अडकलीये विचारतोय, उद्या टिपणीचा फोटो मागेल. त्याला माहिती अधिकाराचा अर्ज करायला लाव, २००५ चा कायदा आहे, साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि फाईलवरची टिपणीसुद्धा मागता येते. अर्ज कसा लिहायचा ते शिकव हवं तर, घरी बसून. आणि शक्यतो ऑफिसात त्या सोसायटीची फाईल कोणाच्याही टेबलावर असली तरी उघडू नकोस, मॅडमनी दिली तर सांग की माझे नातेवाईक तिथे राहतात.

डायरी रोज लिही, कॉलेजला दाखवायची असतेच, पण त्यात पक्षकारांची नावं आणि फाईल नंबर नको, "एक अनधिकृत बांधकाम प्रकरण" एवढं पुरे. कोर्टात जाताना काळापांढरा ड्रेस ठीक आहे, बँड (वकिलांची गळ्यातली पांढरी पट्टी) लावू नकोस, ती सनद मिळाल्यावर.

आणि मैत्रिणींशी तुलना करून जीव खाऊ नकोस. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला एकूण २० आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही, आणि कुठे कुठे करता येते त्या यादीत स्थानिक स्वराज्य संस्था स्पष्ट लिहिलीये. खालच्या आणि वरच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी करावीच लागते. तर पुढची एखाद्या दिवाणी वकिलाकडे कर, महापालिकेविरुद्ध मॅटर लढवणाऱ्या, आणि तिथून बघ नोटिशीतल्या चुका कशा हुडकतात, आता तुला नेमकं कुठे बघायचं ते माहिती असेल. फक्त तिथे तुझ्या आत्ताच्या ऑफिसातलं एखादं मॅटर निघालं तर पहिल्याच मिनिटाला सांग की या फाईलला मी त्या बाजूला बसलेली होते, आणि त्यांची चर्चा संपेपर्यंत बाहेर जाऊन बस.